डिस्चार्जनंतरचे नव्वद दिवस
सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या अधिष्ठात्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. अधिष्ठाता,
डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व
श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, सोलापूर.

महोदय,


ज्यांची आशा नातेवाइकांनी मनातल्या मनात सोडलेली असते, अशी माणसं सिव्हिलमधून बरी होऊन घरी जातात. कुणाला शेतात साप चावलेला असतो, कुणाचं अर्धं अंग गेलेलं असतं, कुणी पुणे महामार्गावरच्या अपघातात सापडलेला असतो, कुणी बाळंतपणातल्या रक्तस्रावातून कशीबशी वाचलेली असते. रुग्ण दगावला की बातमी होते, कधी वॉर्डात गोंधळही होतो. वाचलेल्या माणसाची बातमी होत नाही. डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की त्याची गोष्ट रुग्णालयापुरती संपते. हे पत्र त्याच्या पुढच्या नव्वद दिवसांविषयी आहे.

मागणी आधीच सांगून टाकलेली बरी. आयसीयूतून किंवा गंभीर आजारातून वाचून घरी गेलेल्या प्रत्येक रुग्णाचं नव्वदाव्या दिवशी काय झालं, याची नोंद सिव्हिलनं ठेवावी. तो हयात आहे का, चालतो का, जेवतो का, कामावर परतला का, एवढीच. किती रुग्ण दाखल झाले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती मृत्यू झाले, याचे तक्ते दर महिन्याला वर जातात. घरी गेलेल्यांचं पुढं काय झालं, हे विचारणारा रकाना त्या तक्त्यांत नाही. शासन विचारत नाही म्हणून रुग्णालय मोजत नाही, आणि मोजलं जात नाही त्यासाठी खाट, माणूस किंवा निधी मागता येत नाही.

१९६३ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयाचं आणि त्याच्या रुग्णालयाचं सोलापूरवरचं ऋण मोठं आहे. करमाळा, सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोटहून रुग्ण इथं येतात. तुळजापूर, नळदुर्ग, उमरग्याहून येतात. कर्नाटकची सीमा ओलांडून इंडी, आळंद, अफझलपूरहूनही येतात, कारण त्यांना हेच मोठं सरकारी रुग्णालय जवळचं आहे. शहरात सहकारी तत्त्वावर उभी राहिलेली अश्विनी आणि मार्कंडेय ही रुग्णालयं आहेत, खासगी अतिदक्षता विभागही भरपूर आहेत. पण पैसे संपलेल्या माणसाची शेवटची रिक्षा सिव्हिलकडेच वळते. एप्रिल २०२० मध्ये पाच्छा पेठेत शहरातला पहिला करोनाबाधित आढळला, त्यानंतरच्या दोन वर्षांत इथल्या रेसिडेंट डॉक्टरांनी, सिस्टरांनी, वॉर्डातल्या मामा-मावश्यांनी जे केलं ते या शहरानं पाहिलं आहे. तेव्हा प्रश्न माणूस वाचवण्याच्या कौशल्याचा नाही. वाचवलेला माणूस पुढं टिकवायची जबाबदारी कुणाची, हा आहे.

त्या दोन वर्षांनीच सामान्य माणसाला एक गोष्ट शिकवली. आजार जातो, पण माणूस लगेच परत येत नाही. करोना निगेटिव्ह आलेले लोक दोन पावलं चालले की धापा टाकत होते. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसनं राज्यभर कित्येकांचा वरचा जबडा काढावा लागला, कुणाचा डोळा गेला. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, जीव वाचला. मग त्या माणसानं भाकरी कशी चावायची, फोनवर बोललेलं समोरच्याला कसं कळायचं, कृत्रिम जबडा कुणी आणि कधी बसवायचा? तिथून पुढचा रस्ता ज्याचा त्यानं शोधला.

वैद्यकशास्त्रालाही हे उशिराच उमगलं. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. श्वास बंद पडलेल्या मुलांना ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सांगण्यावरून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हातानं फुगा दाबून दिवसरात्र श्वास दिला. त्यातून पुढच्याच वर्षी अतिदक्षता विभाग जन्माला आला. तिथून बाहेर पडलेल्यांना काय भोगावं लागतं, यावर अमेरिकेतले तज्ज्ञ एकत्र बसले ते थेट २०१० मध्ये. स्नायूंची कमजोरी, विसराळूपणा, रात्री दचकून उठणं, उदासी, आणि हे सगळं सांभाळणाऱ्या नातेवाइकांचं खचणं, या साऱ्याला त्यांनी एका विकाराचा दर्जा दिला. माणूस वाचवायला शिकणं आणि वाचलेल्याकडे पाहायला शिकणं, यांत साठ वर्षांच्या आसपास गेली.

ही कमजोरी केवळ 'अशक्तपणा' नसते. लंडनच्या डॉक्टरांनी आयसीयूतल्या ६३ रुग्णांच्या मांडीचा स्नायू अल्ट्रासाउंडनं मोजला. दहा दिवसांत त्याचा आडवा छेद सरासरी १७.७ टक्क्यांनी घटला होता. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. आता आपल्याकडचा विणकर डोळ्यांसमोर आणावा, जो यंत्रमागावर बारा तास उभा राहतो आणि मजुरी नगावर घेतो. त्याच्या मांडीचा सहावा हिस्सा दहा दिवसांत गेला, तर तो मागासमोर उभा कसा राहणार? अमेरिकेतली पाहणी सांगते की रक्तात जंतुसंसर्ग पसरून, म्हणजे सेप्सिस होऊन, वाचलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के रुग्ण नव्वद दिवसांत पुन्हा रुग्णालयात दाखल होतात. ज्या देशात घरी नर्स येऊ शकते, तिथला हा आकडा आहे.

सोलापूरला हा विषय परका नाही हे २०२५ मध्ये दिसलं. त्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागांत गुलेन बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ पसरली. संशयित रुग्ण दोनशेच्या पुढे गेले, आणि पहिल्या संशयित मृत्यूची नोंद झाली ती पुण्याहून सोलापूरला आलेल्या रुग्णाची. सगळ्यांचं लक्ष मृत्यूंच्या आकड्याकडे लागलं, ते स्वाभाविक होतं. पण या आजारात बहुतेक रुग्ण वाचतात, आणि त्यांची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. मज्जातंतूचा आतला धागाच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगानं पुन्हा वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर त्या वेगानं कापायला किती महिने लागतील, हा हिशेब कुणालाही करता येईल. तेवढे महिने सांधे आखडू न देणं, टाचेला आणि कमरेला जखम होऊ न देणं, हेच त्या आजाराचं औषध असतं. ते मेडिकलच्या दुकानात मिळत नाही.

समजा, कुंभारीला राहणारी पन्नाशीची एक विडी कामगार आहे. २००६ मध्ये महिला विडी कामगारांसाठी तिथं दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. त्यातलं एक घर तिचं. बसून बसून कंबर गेलेली, रक्तदाब कधी मोजलेला नाही. एका सकाळी तिचा उजवा हात लुळा पडतो, तोंड वाकडं होतं. सिव्हिलमध्ये तिच्यावर उपचार होतात, बाराव्या दिवशी तिला घरी सोडतात. नाकात नळी, लघवीची पिशवी. हातात इंग्रजीत लिहिलेलं कार्ड, त्यावर पाच गोळ्यांची नावं आणि पंधरा दिवसांनी ओपीडीत दाखवा असा शेरा. घरात बोलतात तेलुगू. मुलगी दुसऱ्याच दिवशी पान-तंबाखू घेऊन विड्या वळायला बसते, कारण हजार विड्यांवर मजुरी मिळते आणि कारखान्यात माल द्यायचाच असतो. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यातून नळी धुवायची, अंथरूण धुवायचं. आईची कूस दर दोन तासांनी बदलायची असते हे मुलीला कुणी सांगितलंही असेल. पण डिस्चार्जच्या गडबडीत, तीन सह्या आणि दोन पावत्यांच्या मध्ये, किती लक्षात राहणार?

तिसऱ्या आठवड्यात माकडहाडापाशी जखम होते. कुणी म्हणतं तेल लावा, कुणी म्हणतं हळद लावा. रक्तदाबाची गोळी संपली ती पुन्हा आणलेली नसते, कारण 'आता बरं आहे'. ओपीडीला यायचं तर रिक्षा हवी, दोन माणसं हवीत, म्हणजे दोघांची मजुरी बुडणार. ती पुन्हा सिव्हिलला येते ती तापानं फणफणून, किंवा येतच नाही. दोन्ही वेळी आपल्या दफ्तरात तिच्या नावापुढं 'प्रकृती सुधारून घरी सोडले' एवढंच असतं.

ही बाई काल्पनिक आहे. पण ओपीडीतल्या कुठल्याही अनुभवी सिस्टरला विचारावं, अशा चार तरी बायका तिला आठवतील.

यावर नेहमीचं उत्तर असतं की हे सरकारी व्यवस्थेला झेपणारं नाही. ते खरं नाही, आणि त्याचा सगळ्यात चांगला पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे.

बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ मध्ये तिथं देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं तिच्या कक्षेत होती. मुंबई-पुण्याच्या नोंदणीत कर्मचारी रुग्णालयांत जाऊन कागद तपासतात. बार्शीत तसं चालणार नव्हतं, कारण खेड्यातला कर्करुग्ण बऱ्याचदा रुग्णालयाचं तोंड न पाहताच जात असे. म्हणून नोंदणीची माणसं उलटी निघाली. गावोगाव फिरायचं, लोकांशी बोलायचं, कुणाला गाठ आहे, कुणाला अंगावरून जातंय, कुणाची तोंडातली जखम भरत नाही हे विचारायचं, रुग्ण शोधून आणायचा, आणि पुढं तो जगला की गेला याचा माग ठेवायचा. टाटा स्मारक केंद्राचा आधार होता. डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांच्यासारखी जाणकार माणसं त्या कामामागं होती. तरी काम चाललं ते धुळीच्या रस्त्यांवरून फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पायांवर.

त्यातून काय घडलं? मोजणारी माणसं गावात येत राहिली म्हणून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लक्षणं बायकांच्या बोलण्यात आली, आणि रुग्ण आधीच्या टप्प्यावर रुग्णालयात येऊ लागल्या. हा बदल नोंदणीच्या आकड्यांतच दिसला आणि आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्धही झाला. पुढं याच बळावर शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न केलेल्या गटाच्या जवळपास निम्मे आढळले. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २००९ साली आलेला हा निष्कर्ष जगभरच्या धोरणांत वापरला गेला. एका गटातल्या बायकांची तपासणी का केली नाही, असा नैतिक आक्षेपही त्यावर घेतला गेला, आणि तो गंभीर आहे. पण लाखाहून अधिक बायकांचा वर्षानुवर्षं माग ठेवणं बार्शीसारख्या तालुक्याच्या गावातून शक्य झालं, ही गोष्ट त्यानं पुसली जात नाही. सोलापूरहून बार्शी एसटीनं दोन तासांच्या आसपास आहे.

दुसरा दाखला गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि घरी जाऊन बाळ पाहण्याचे दिवस ठरवून दिले. ३९ गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं छापलं. २०११ पासून ती पद्धत देशाचा कार्यक्रम झाली. आज सिव्हिलमध्ये जन्मलेलं बाळ घरी गेलं की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्याच्या घरी जाणं अपेक्षित असतं. गेल्या नाहीत तर त्यांना विचारणारं कुणी तरी असतं.

आपल्याच आवारात आणखी दोन ठिकाणी हे रोज घडतं. एआरटी केंद्रात एचआयव्हीबाधित रुग्ण ठरलेल्या दिवशी गोळ्या न्यायला आला नाही, तर समुपदेशक फोन करतात, शोध घेतात. क्षयरोग विभागात प्रत्येक रुग्णाचं नाव 'निक्षय' प्रणालीत असतं. सहा महिन्यांचा उपचार पूर्ण झाला की नाही याचा जाब वरपर्यंत द्यावा लागतो, आणि खाण्यासाठी दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. ती वाढवण्यामागं अनुभव होता. झारखंडमधल्या 'रेशन्स' या अभ्यासात क्षयरुग्णांना औषधासोबत महिन्याचा शिधा दिला गेला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी होता. विडी आणि माग यांच्यावर जगणाऱ्या शहराला क्षय आणि उपासमार यांचं नातं वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणजे क्षयरुग्णाचा माग आपण ठेवतो, एचआयव्हीबाधिताचा ठेवतो, नवजात बाळाचा ठेवतो. अर्धांगवायूतून, सेप्सिसमधून, भाजण्यातून, डोक्याच्या दुखापतीतून वाचलेल्या मोठ्या माणसाचा तेवढा ठेवत नाही. घरी गेल्यावर त्याचा माग ठेवायला लावणारा राष्ट्रीय कार्यक्रम नाही, एवढंच कारण. त्याची गरज कमी आहे म्हणून हे झालेलं नाही.

शासनाच्या आरोग्य योजनेचंही एकदा पाहायला हवं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यात ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. पुढं तिला महात्मा जोतिबा फुले यांचं नाव मिळालं. २०२३ च्या शासन निर्णयानं विमा संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं आणि उत्पन्नाची अट जाऊन ती सगळ्यांसाठी खुली झाली. ९७१ उपचारांपासून सुरुवात झाली होती, ती संख्या त्या निर्णयात १,३५६ झाली. या योजनेनं गरिबाच्या घरावरचं कर्ज किती वाचवलं, हे सोलापुरातल्या कुठल्याही आरोग्यमित्राच्या टेबलासमोर तासभर बसलं तर कळतं. योजना आखणाऱ्यांनी घरी परतणाऱ्या माणसाचाही विचार केला होता. डिस्चार्जनंतर दहा दिवसांची औषधं आणि तपासण्या, घरी जायला एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं, हे पॅकेजमध्येच धरलं होतं. १२१ पाठपुराव्याची पॅकेजंही ठेवली होती. पण दहा दिवस म्हणजे फार कमी, आणि ज्याला हा हक्क माहीतच नाही त्याच्यासाठी तेही नाहीत. हे भाडं आणि ही औषधं रुग्णाच्या हातात पडतात का, हे आपल्या समाजसेवा अधीक्षकांनी डिस्चार्जच्या टेबलावर तपासलं, तरी पहिलं पाऊल पडेल.

इथं एका सोप्या उपायापासून सावध राहायला हवं. 'नातेवाइकांना शिकवून टाकू, ते करतील घरी सगळं', असं वाटणं साहजिक आहे. आपल्याकडची कुटुंबं जीव तोडून करतातही. पण भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० अर्धांगवायूच्या रुग्णांवर नेमका हाच प्रयोग झाला. घरच्या माणसांना व्यायाम आणि शुश्रूषा शिकवली गेली. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा मृत्यू किंवा परावलंबन यांत फरक पडलेला नव्हता. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला हा निकाल निराश करणारा असला तरी उपयोगाचा आहे. मुलीचं प्रेम हे फिजिओथेरपिस्टची जागा घेऊ शकत नाही, आणि ती जागा तिनं भरावी अशी अपेक्षा करणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिला शिकवावंच. जखमा टाळायला, नळीतून नीट भरवायला, ताप कधी गंभीर समजायचा हे कळायला ते लागतंच. पण तिच्या पाठीशी प्रशिक्षित माणूस उभा हवा.

तो माणूस कुठून आणायचा? आपल्याकडे जागा रिकाम्या असतात, रेसिडेंट डॉक्टर सलग छत्तीस-छत्तीस तास उभे असतात, एका सिस्टरच्या वाट्याला किती खाटा येतात हे आपल्याला जास्त ठाऊक आहे. त्यामुळे नवीन इमारत, नवीन विभाग अशी मागणी या पत्रात नाही. जे आहे त्याची मांडणी बदलता येईल.

वैद्यकीय महाविद्यालयांतल्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आता काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करावा लागतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं तो अभ्यासक्रमाचाच भाग केला आहे. त्यातलं एक कुटुंब सिव्हिलमधून गंभीर आजारातून घरी गेलेल्या रुग्णाचं असेल, तर विद्यार्थ्याला औषधशास्त्राच्या पुस्तकात नसलेलं बरंच काही कळेल, आणि त्या घराला महिन्यातून एकदा विचारणारं कुणीतरी मिळेल. इंटर्न बारा आठवडे जनऔषधवैद्यक विभागात असतात. त्यांच्या कामात रोज दहा फोन असतील, तर ते जड नाही. फोनवर विचारायचं काय? जेवण जातंय का, गोळ्या चालू आहेत का, अंथरुणातून कितीदा उठवता, अंगावर कुठं जखम आहे का. उत्तर काळजीचं आलं, तर त्या भागातल्या आशाताईंना किंवा आरोग्य उपकेंद्राला कळवायचं.

आठवड्यातली एक दुपार या रुग्णांसाठी राखून ठेवावी. मेडिसिनचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवा अधीक्षक एकाच खोलीत किंवा लागून असलेल्या खोल्यांत बसावेत. अर्धं अंग गेलेल्या माणसाला स्ट्रेचरवरून पाच विभागांच्या पाच रांगांत फिरवणं थांबेल. सकाळची ओपीडी संपल्यावर ती जागा रिकामी असते. मंगळवेढ्याहून वडापनं आलेल्या माणसाला संध्याकाळच्या आत परतता आलं पाहिजे, एवढं पाहावं.

डिस्चार्ज कार्डाची मागची बाजू मोठ्या अक्षरांत, घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत असावी. सोलापुरात त्यासाठी मराठी पुरणार नाही; तेलुगू, कन्नड आणि उर्दू लागतील. गोळी कोणती, कधी, किती दिवस. कोणती लक्षणं दिसली तर वाट न पाहता यायचं. कुठल्या नंबरवर फोन करायचा, आणि तो कुणी उचलणार. छपाईचा खर्च फार नाही. मजकूर तपासून द्यायला या चारही भाषांतले शिक्षक आणि निवृत्त डॉक्टर शहरात आहेत. हाक दिली तर ते येतील, याची खात्री सोलापूरकर म्हणून देता येते.

आणि मग सुरुवातीला मागितलेल्या नोंदीची वही. सुरुवातीला सगळे वॉर्ड नकोत. मेडिसिनच्या आयसीयूतून घरी गेलेले आणि अर्धांगवायूचे, एवढेच रुग्ण घ्यावेत. प्रत्येकाचे दोन फोन नंबर, एक घरचा आणि एक शेजाऱ्याचा, कारण पैसे संपले की घरचा नंबर बंद पडतो. तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी एकेक ओळ. पहिल्या तिमाहीत निम्मे लोक सापडणार नाहीत. सापडतील त्यांची उत्तरंही सुखावणारी असतील असं नाही. ते आकडे तरीही ओपीडीच्या फलकावर लावावेत, आणि वैद्यकीय शिक्षण विभागाकडे पाठवावेत. फिजिओथेरपिस्टच्या दोन जागा मागायच्या असतील तर 'रुग्णसंख्या मोठी आहे' या वाक्यापेक्षा 'नव्वद दिवसांत इतक्यांना अंथरुणातल्या जखमा झाल्या' हे वाक्य मंत्रालयात जास्त ऐकलं जाईल.

एक अडचण सुरुवातीपासून धरून चालावी लागेल. इंडी, आळंद, अफझलपूरचे रुग्ण आपल्या जिल्ह्याच्या आशाताईंच्या यादीत नाहीत, आणि तिकडच्या आरोग्य केंद्रांना सोलापूरहून पत्र जाण्याची सोय आजतरी दिसत नाही. विजयपूर आणि कलबुर्गीच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांशी आपल्या कार्यालयानं एकदा बोलून संपर्काचं एक नाव ठरवून घ्यावं. ते होईपर्यंत त्या घरांना फोनच करावा लागेल, आणि तो कन्नड येणाऱ्या इंटर्नकडून. असे इंटर्न आपल्याकडे दर वर्षी असतात.

कळावे,
सोलापूरकर नागरिक